दोन्ही पाय डावे

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारा एक छोटा कारखाना होता. खाली कापड कापायचं लांबलचक टेबल, वर माळ्यावर पंधरा-वीस मशिनं. त्या कारखान्यात एक कारागीर बावीस वर्षं काम करत होते. सगळे त्यांना खिसेवाले काका म्हणत, कारण ते फक्त मागचे खिसे लावत.

जीन्सचं काम वाटून चालतं. एक जण चेन लावतो, एक जण बेल्ट, एक जण बेल्टवरचे लूप, एक जण बाजू जोडतो. काज-बटणाचं मशीन वेगळं, शेवटी लोंबणारे धागे कापायला बायका वेगळ्या. पीसमागे दर ठरलेला असतो, त्यामुळे ज्याचा हात चालतो त्याचं घर चालतं. काकांचा हात फार सुरेख चालायचा. पत्र्याच्या फर्म्यावर कडा दुमडून इस्त्री केलेल्या खिशांची चळत त्यांच्या डाव्या हाताला असे. एक खिसा उचलायचा, खुणेवर ठेवायचा, डावीकडून खाली यायचं, टोकाला सुई कापडातच ठेवून वळायचं आणि उजवीकडून वर जायचं. मग पहिल्या शिलाईच्या आतून दुसरी. दोन शिलायांमधलं अंतर वरपासून खालपर्यंत सारखं. हे सगळं शेजारच्याशी गप्पा मारता मारता व्हायचं. त्यांचा पीस कधी उसवायला परत आला नाही. नवा मुलगा कामावर आला की शेठ त्याला दोन दिवस काकांच्या पाठीमागे उभं करत आणि म्हणत, "हात बघ."

काका राहायला बदलापूरला. रोजची ठरलेली लोकल, ठरलेला डबा, मधे अंबरनाथ, पुढे उल्हासनगर. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. पोटापुरतं मिळत होतं, वर मान होता. काकांना कशाची उणीव नव्हती.

एकदा शेजारचा मुलगा दहावी पास झाला. पेढे देता देता त्याने डेनिमचं एक कापड काकांपुढे ठेवलं. पोरगा उंच, ताडमाड. विकतची पँट त्याला घोट्याच्या वर यायची. तो म्हणाला, "काका, मला एक जीन्स शिवून द्याल?"

काका हसून म्हणाले, "अरे, मी फक्त खिसे लावतो."

मुलाला ते समजेना. "पण तुम्ही जीन्सच शिवता ना?"

काकांना उत्तर सुचलं नाही. हजारो जीन्स त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या आणि एकही त्यांनी शिवलेली नव्हती. "बघू," असं म्हणून त्यांनी कापड ठेवून घेतलं. ते कपाटावर गेलं आणि तिथेच राहिलं.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर कारखान्याचे कटिंग मास्टर म्हणाले, "होळीला गावी जाणार, आता परत यायचं नाही." ते उत्तर प्रदेशातले. मुलं मोठी झाली होती, शेती बघायची होती. शेठनी काकांना खाली बोलावलं. "मास्टरजी आहेत तोवर त्यांच्याकडून कटिंग शिकून घ्या. बाहेरचा माणूस आणण्यापेक्षा घरचा बरा. पगार बांधून देतो."

काका म्हणाले, "नको शेठ. माझं आहे ते बरं आहे."

कारणं त्यांच्याकडे भरपूर होती. वय झालं. हिशेब जमत नाही. टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक टाकलेले असतात, पातं एकदा चुकीचं फिरलं की चाळीस पँटी वाया. एवढा तोटा कोणी भरायचा? ही कारणं खोटी नव्हती. पण कटिंग टेबलाशी एक हेल्पर होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. कालपर्यंत तो काकांच्या पाठीमागे उभा राहून शिकत होता. त्या पोरासमोर पट्टी उलटी धरायची, चुकायचं आणि मास्टरजींचं ऐकून घ्यायचं, हे काकांना सोसणार नव्हतं. माळ्यावर ते उस्ताद होते. खाली उतरले की नवशिके होणार होते. हे कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

शेठच्या आई रोज दुपारी कारखान्यात येऊन बसत. ऐंशी कधीच ओलांडलेली. सगळे त्यांना दादी म्हणत. काकांनी नाही म्हटल्याचं त्यांच्या कानावर गेलं. चहाच्या वेळी त्यांनी काकांना जवळ बसवून घेतलं.

"पुट, आमच्या बाबांची शिकारपूरला पेढी होती," दादी म्हणाल्या. "फाळणी झाली आणि कराचीहून बोटीने मुंबईला आलो. तिथून या छावणीत. तेव्हा हे उल्हासनगर नव्हतं, लढाईच्या वेळी सैन्यासाठी बांधलेल्या बरॅकी होत्या. एका बरॅकीत कितीतरी घरं, मधे गोणपाटाचे पडदे. ज्या बाबांनी कधी स्वतःच्या हाताने पाणी घेतलं नव्हतं, ते लोकलच्या डब्यात गोळ्या-बिस्किटं विकायला लागले. आई पापड लाटायची. हात पसरायचा नाही, एवढं घरात पक्कं ठरलेलं होतं."

हा इतिहास उल्हासनगरच्या घराघरात आहे. सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना कल्याणजवळच्या या लष्करी छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. बरॅकींच्या जागी बाजार उभे राहिले. कॅम्प एक ते कॅम्प पाच ही नावं मात्र अजून तशीच आहेत.

काका म्हणाले, "दादी, तुमच्यावर वेळच तशी आली होती. दुसरा रस्ता नव्हता."

"खरं बोललास," दादी म्हणाल्या. "पाण्यात पडलेला माणूस हातपाय मारतोच. त्यात आमची मर्दुमकी ती कसली? काठावर सुखाने बसलेल्याने आपण होऊन उतरणं, ते खरं कठीण. तुझं काम आमच्यापेक्षा अवघड आहे, पुट."

काकांना वाटलं होतं, दादी आपल्याला भित्रा म्हणतील. त्यांनी तसं म्हटलं नाही, म्हणून ते बोलणं मनात राहिलं.

पुढच्या सुट्टीत काका मावशीला भेटायला गेले. मावशी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड, तिथून आणखी आत. दुपारी घरी पोचले तर मावशी गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून अंगणात उभी.

"बस जरा. मी शाळेतून येते," ती म्हणाली.

फांगण्यात आजीबाईंची शाळा आहे. ८ मार्च २०१६ रोजी ती सुरू झाली. गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने. त्याआधी शिवजयंतीच्या वेळी गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या होत्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं. त्या एका वाक्यावरून शाळा निघाली. साठीच्या पुढच्या बायका, काही तर नव्वदीला टेकलेल्या. गणवेश गुलाबी नऊवारी. घरचं, शेतातलं आवरून पाटी-पेन्सिल घेऊन वर्गात बसायचं.

मावशी परत आली आणि ओसरीवर बसून गृहपाठ करायला लागली. दुसरीतली नात शेजारी. 'बाळ' लिहायचं होतं. मावशीचा ळ एकाच बाजूला वळायचा, दुसरी वाटी काही जमेना. नात म्हणाली, "चुकलं." मावशीने पदराचं टोक ओलं केलं, पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. नात पुन्हा म्हणाली, "चुकलं." मावशीने पुन्हा पुसलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळेपणही नव्हतं. नातीने तिचा हात धरून ळ गिरवून घेतला, तेव्हा ती लहान मुलीसारखी खुश झाली.

काकांना राहवलं नाही. "मावशी, नातीकडून चुका काढून घ्यायची लाज नाही वाटत?"

"वाटली की. पहिल्या दिवशी दप्तर पदराखाली झाकून नेलं," मावशी म्हणाली. "मग इचार केला. बँकेत गेले की शाई लावून अंगठा पुढं करायचा. मागं रांगेत पोरंसोरं उभी. रेशनवर तेच, दवाखान्यात तेच. सारा जन्म ती लाज काढली ना मी? तिला कधी कंटाळले नाही. आणि ही शिकायची लाज चार दिवसांची, तिला घाबरून घरात बसू? आता सही करते मी." तिने पाटी फिरवून काकांपुढे धरली. वर तिचं नाव होतं. अक्षरं वाकडीतिकडी, पण सगळी जागच्या जागी.

परतीच्या एसटीत काका गप्प होते. मावशीच्या अंगठ्यासारखं आपलंही काहीतरी आहे, हे त्यांना उमगलं होतं. 'मी फक्त खिसे लावतो' हे वाक्य त्यांनी किती वेळा हसत हसत म्हटलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते आतून थोडं टोचलं होतं. ती टोचणी अंगवळणी पडली होती, इतकंच.

सोमवारी काका माळ्यावर गेले नाहीत. खाली टेबलाशी उभे राहिले आणि मास्टरजींना म्हणाले, "शिकवाल का?"

मास्टरजींनी त्यांना आधी चाळीस थरांजवळ येऊच दिलं नाही. पहिले काही दिवस नुसता कागद. मग कापड, तेही एकच थर, उरलेल्या तुकड्यांतलं. पुढचा पल्ला, मागचा पल्ला, मागच्या पल्ल्यावर बसणारा त्रिकोणी जोड, बेल्ट, चेनची पट्टी. फर्मा कापडाच्या उभ्या धाग्याला धरून ठेवायचा, तिरका पडला की धुतल्यावर पाय पिळतो. काका खडूने आखत, कातरीने कापत. हात थरथरायचा. बावीस वर्षांत त्यांनी आपला हात थरथरताना पाहिला नव्हता.

पहिला पूर्ण संच कापून झाला, तेव्हा त्यांनी पल्ले जोडीने मांडले. काहीतरी बिनसलं होतं. एक पल्ला उलटून पाहिला, तर डेनिमची फिकट बाजू वर आली. पुन्हा सुलटा केला, तर चेनची बाजू बाहेर गेली. फर्मा एकदा सुलटा आणि एकदा पालथा ठेवून आखायचा असतो. काकांनी तो दोन्ही वेळा सुलटाच ठेवला होता. पँटचे दोन्ही पाय डावे झाले होते.

हेल्पर फस्सकन हसला. माळ्यावरून दोघे-तिघे डोकावले. काकांचे कान तापले. ज्या क्षणाला घाबरून त्यांनी इतकी कारणं दिली होती, तोच हा क्षण, आणि तो आला होता. मशिनं चालू राहिली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. हसणारे हसले आणि आपापल्या कामाला लागले. एवढंच झालं.

काकांनी ते दोन पल्ले हातात घेतले आणि हेल्परलाच विचारलं, "तू कसा लक्षात ठेवतोस रे?"

पोरगा एकदम गंभीर झाला. आजवर त्याला काकांनी काही विचारलं नव्हतं. म्हणाला, "मी फर्म्याच्या एका बाजूला खडूने डा लिहितो आणि पाठीवर उ." काकांनीही लिहिलं. पुन्हा कधी ती चूक झाली नाही.

कापड धुतल्यावर आटतं, ते किती आटेल हे आधी काढायचं असतं. त्यासाठी कापडावर ५० सेंटीमीटरचा चौकोन आखायचा आणि तुकडा धुवायला द्यायचा. परत आला की पुन्हा मोजायचा. ४८ भरला तर ४ टक्के आटलं. त्या प्रमाणात फर्मा वाढवायचा. काकांना वाटलं होतं, हिशेब आपल्याला जमणार नाही. तो एवढासाच होता.

असा एक तुकडा घेऊन त्यांना अंबरनाथला धुलाईच्या कारखान्यात जावं लागलं. बावीस वर्षं अंबरनाथ स्टेशन त्यांच्या डब्यासमोरून दिवसातून दोनदा जात होतं आणि ते तिथे एकदाही उतरले नव्हते. काम आटोपल्यावर वेळ होता, म्हणून ते विचारत विचारत वालधुनीकाठच्या शिवमंदिरापाशी गेले. शिलाहारांच्या काळातलं हे मंदिर. शके ९८२, म्हणजे सन १०६० चा शिलालेख तिथे आहे. बाहेरच्या भिंतीवर बोटभरही जागा कोरी नाही. देवदेवता, नर्तकी, पानाफुलांच्या पट्ट्या. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. काका कारागिराच्या नजरेने बघत फिरले. कोणी जन्मभर नुसत्या पट्ट्या कोरल्या असतील, कोणी नुसत्या मूर्ती. त्यांच्या कामाला कमीपणा नाही, त्यांच्या हातांवरच तर मंदिर उभं आहे. पण कोणीतरी एकाने सगळं मंदिर आधी डोक्यात धरलं असणार, आणि तोही कधीतरी हातात छिन्नी घेऊन एका दगडापाशीच बसला असणार. दगडापासून मंदिरापर्यंत जाताना त्यालाही पहिल्यांदा काहीच येत नसणार. काकांना फार बरं वाटलं.

होळीच्या आधी मास्टरजींनी कापायचं मशीन काकांच्या हाती दिलं. चाळीस थर. काकांनी एक हात कापडावर दाबून ठेवला आणि पातं रेषेवरून नेलं. भीती होती, पण आता ती कामाची होती: रेषा सुटू नये, वळणावर घाई होऊ नये. लोक काय म्हणतील, ही भीती त्यात नव्हती.

कपाटावरचं कापड त्यांनी खाली काढलं. मुलाचं माप घेतलं, स्वतः कापलं, रविवारी कारखान्यात बसून चेन, बेल्ट, लूप सगळं स्वतः लावलं. चेन लावताना दोनदा उसवावी लागली. मुलाला पँट टाचेपर्यंत आली. कंबरेत जरा सैल झाली होती. "पट्टा लावीन," तो म्हणाला आणि ती घालूनच कॉलेजला गेला.

मास्टरजी गावी गेले. काका खाली टेबलावर आले आणि वरची खिशांची जागा रिकामी झाली. शेठनी विचारलं, "तिथे कोणाला बसवू?" काकांनी हेल्परकडे बोट दाखवलं. पोरगा म्हणाला, "मला नाही जमणार. तुमच्या जागेवर बसायचं म्हणजे सगळे तुलना करतील."

"करतील," काका म्हणाले. "चार दिवस करतील."

गोष्ट एवढीच आहे. आता तिच्यातून घ्यायचं काय, ते सरळ सांगतो.

आपलं ठरलेलं सोडून नव्याला हात घालायला धैर्य लागतं, असं आपण म्हणतो आणि ते धैर्य कुठून तरी येईल म्हणून वाट बघत बसतो. संकट आलं की ते येतंही. सिंधमधून आलेल्या त्या पिढीला ते आलं, कारण मागे परतायला घर उरलं नव्हतं. पण ज्याचं बरं चाललं आहे, त्याला ढकलायला कोणी येत नाही. त्याला आपलं आपणच उठावं लागतं. म्हणून सुस्थितीतल्या माणसाचं पहिलं पाऊल लहान दिसलं, तरी त्याला कमी लेखू नये.

त्याला अडवतं काय? तोट्याची भीती असते, पण तिला उपाय असतो: आधी कागदावर शिकावं, मग एका थरावर, चाळीस थरांना घाईने हात घालू नये. तेवढं सांभाळलं की नुकसान होतं ते दोन पल्ल्यांचं. खरी अडचण लाजेची. जिथे आपल्याला येतं तिथे मान आहे. जिथे येत नाही तिथे कोणीतरी हसेल, आणि तो हसणारा वयाने लहान असेल. पन्नाशीत गाडी चालवायला शिकणारी बाई, नातवाकडून मोबाईल समजून घेणारे आजोबा, नोकरी सोडून दुकान टाकणारा तरुण, सभेत पहिल्यांदा बोलायला उभी राहणारी सून, या सगळ्यांच्या वाटेत हीच लाज आडवी येते.

तिला ओलांडायचं तर फांगण्याच्या ओसरीवरचा हिशेब करावा. एका बाजूला न येण्याची लाज मांडावी, जी आपण रोज थोडी थोडी गिळतो आणि जिची सवय झाल्यामुळे ती मोजत नाही. दुसऱ्या बाजूला शिकण्याची लाज मांडावी, जी एकदम अंगावर येते म्हणून मोठी वाटते. दोन्ही समोरासमोर ठेवल्या की कोणती जड, हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज उरत नाही. आणि जो हसेल, त्यालाच विचारावं, "तू कसं करतोस?" हसणाऱ्यांपैकी बरेच जण मनापासून सांगतात.

आहे ते काम सोडून द्या, असं ही गोष्ट सांगत नाही. खिसे लावणं हे चांगलं काम आहे आणि ते चांगलं करणारा माणूस मोठाच आहे. पण मनात एखादं कापड कपाटावर पडून राहिलं असेल, तर ते खाली काढायला 'माझं आहे ते बरं आहे' हे वाक्य आड येऊ देऊ नका.

तात्पर्य: न येण्याची लाज जन्मभर पुरते, शिकण्याची लाज चार दिवसांत सरते. म्हणून लाजेपोटी थांबू नये. लहानशी सुरुवात करावी, चुकावं, विचारावं आणि पुन्हा करावं.